अंकल आणि वाळूवरची बर्फगाडी

पहिल्या भेटीत या गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चांगली इस्त्रीची साडी नेसून, सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून मुलाखतीला गेले होते, आणि हे टेबलावरून ओणवे होऊन माझ्या चपला बघत होते.

"चपला काढा जरा," ते म्हणाले.

मला वाटलं, ऑफिसात कुठेतरी देवाची तसबीर असेल, तिच्यासमोर चपला चालत नसतील. मी काढल्या. त्यांनी उजवी चप्पल उचलली, उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला, मग डावी उचलून तिच्यावरून फिरवला. हुंगल्या नाहीत, हे माझं नशीब.

"उजवी बाहेरून खाल्लीय. डावी ठीक आहे. पर्स उजव्या खांद्याला लावता?"

"हो."

"जड असते?"

"असते थोडी."

"आणि कंबर दुखते."

मस्कतला आल्यापासून माझी कंबर दुखत होती. नवऱ्याला मी रोज सांगायचे आणि तो रोज एसीला दोष द्यायचा. "पर्स डाव्या खांद्याला लावा आणि रविवारपासून या," असं म्हणून त्यांनी माझी चप्पल मला परत दिली. मुलाखत संपली. फाइल मी उघडलीच नव्हती. वादी अदाई भागातल्या घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय काय विचारलं? मी म्हटलं, चपला. तो अजूनही ते खरं मानत नाही.

त्यांना नाव होतं, चांगलं लांबलचक वसईचं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीसुद्धा कुणी घेत नसे. वर्कशॉपमधले मल्याळी, पाकिस्तानी, कोकणातली मुलं, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, त्यांना 'मुहंदिस' म्हणायचा, इंजिनियर. हे त्यांना फार आवडायचं. मिशीला कलप लावायचे, शर्टाला कडक कॉलर ठेवायचे आणि वसईच्या चार गावांत आपल्यासारखा रबराचा माणूस झाला नाही, असं स्वतःच सांगायचे. विनय नावाची गोष्ट त्यांच्या वाटेला फारशी गेली नव्हती. तरी माणूस असा, की फुशारकी मारायला लागला की आपण खुर्ची पुढे ओढून ऐकावं.

कंपनीचं काम रबराचं. डोंगर फोडून खडी करणाऱ्या क्रशरवर जे लांब पट्टे असतात, त्यांचे तुकडे जोडायचे, फाटलेल्यांना ठिगळ लावून शेकून द्यायचे, छोट्या खोदाई यंत्रांचे रबरी ट्रॅक दुरुस्त करायचे. खाली वर्कशॉप, वर पत्र्याचं ऑफिस. वर्कशॉपमध्ये जळक्या रबराचा वास कायम. मला तो डोक्यात जायचा. अंकलना भूक लागायची.

त्यांच्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं. दुसऱ्या मॅनेजरांच्या कपाटात ट्रॉफ्या असतात, यांच्या कपाटात झिजलेले पार्ट होते. एका बाजूने खाल्लेला रोलर. दाते आकड्यासारखे वाकलेलं चाक. मधोमध बारीक झालेला दांडा. प्रत्येकाची गोष्ट त्यांना पाठ. हा नेमाने तेल न दिल्याने मेला, हा बिचारा ताणाने मेला, आणि हा बघ बाय, हा शेजाऱ्यामुळे मेला, याची काही चूक नव्हती. कुणी म्हटलं, "अंकल, नवीन टाकून देऊ," की त्यांचा पारा चढायचा.

"नवीन टाकून काय होणार? जुन्याने बोंब का मारली ते ऐकलंस? नाय ना? मग नवीनपण तीच बोंब मारणार."

झीज वाचायची खोड वर्कशॉपपुरती असती तर ठीक. पण माणूस कुठेही गेला तरी खालीच बघायचा. पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांचे टायर बघून सांगायचा, हे नवरा-बायको एकत्र फिरत नाहीत, ड्रायव्हरच्या बाजूचेच टायर झिजलेत बघ. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिसाही शुक्रवारी. रुवीच्या चर्चमधून आले की अंकल प्रवचनाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. गुडघे टेकायच्या फळ्यांबद्दल बोलायचे. "पुढच्या बाकांची गादी कोरी करकरीत. मागच्या बाकांचं रेक्झिन फाटलंय. ज्याला खरोखर काय मागायचं असतं ना, तो मागे बसतो." त्यांचा स्वतःचा कंगवा अर्ध्या दातांचा होता. बदलत का नाही विचारलं तर म्हणाले, केस जिथे आहेत तिथले दात गेलेत, जिथे केस नाहीत तिथले शाबूत आहेत, म्हणजे कंगवा बरोबर चाललाय.

असा हा वाचणारा माणूस दोन वर्षांतून एकदा वसईला जायचा. एकदा रजेवरून परत आला आणि चहाच्या वेळी एक गोष्ट सांगितली. पहिल्या नोकरीच्या वेळी त्यांनी घरी वेताच्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या, एक स्वतःला, एक बायकोला, ओटीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या. बायकोच्या खुर्चीचं वेत तोवर दोनदा विणून घ्यावं लागलं होतं. "आणि माझी बघ. दुकानातून आणली तशी. वेताला साधा झोळसुद्धा नाय. पाव्हणे येतात ते पण तिच्यात बसत नाय, म्हणतात ती अंकलची." एवढं बोलून ते मोठ्याने हसले. आम्हीही हसलो. मग त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते विरघळून कपात पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमचा अर्बाब युरोपात कुठेतरी बर्फात फिरायला गेला आणि येताना त्याने बर्फगाडी घेतली. खोटं सांगत नाही. कंटेनरमधून क्रशरचे पार्ट उतरले आणि त्यांच्यामागून ही उतरली, पिवळी धमक, पुढे दोन घसरपट्ट्या, मध्ये लांब सीट आणि चाकांच्या जागी खाली एक रुंद रबरी पट्टा. सगळं वर्कशॉप गोळा झालं. बाहेर ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. कुणीतरी विचारलं, "अर्बाब, बर्फ किधर है?"

"रेती और बर्फ, सेम सेम," अर्बाब म्हणाला. मस्कतच्या बऱ्याच ओमानी लोकांसारखं त्याला आपलं हिंदी चांगलं येत होतं. "दोनों में गाड़ी फँसता है. ये नहीं फँसेगा."

विचार अगदीच वेडगळ नव्हता. वहिबाच्या वाळवंटात त्याचा हिवाळ्याचा तंबू असायचा, थंडीच्या दिवसांत सगळं खानदान तिथे जायचं. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर जीपसुद्धा रुतायच्या. ही मात्र पट्ट्यावर सरसर चढणार होती. पहिल्या दिवशी चढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोत घालून आमच्याकडे परत आली आणि टेम्पोचं दार उघडल्याबरोबर अंकलनी डोळे मिटून हवेत नाक वर केलं.

"प्लास्टिक," ते म्हणाले. "रबर नाय. प्लास्टिक जळलंय."

तसंच निघालं. तो पट्टा आतून प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांवरून घसरत फिरतो. बर्फात चालताना बर्फ आत उडतो, वितळतो, त्या पट्ट्या ओल्या आणि गार राहतात. बर्फ हेच तिथलं तेल. वाळूत तेल कुठून येणार? उलट वाळू म्हणजे कानस. पट्ट्या मेणबत्तीसारख्या वितळून आतल्या बाजूला चिकटल्या होत्या. अंकलनी वितळलेला एक गोळा खरवडून काढला, लाडाने तळहातावर फिरवला आणि कपाटात ठेवला. मग क्रशरच्या पट्ट्याखाली असतात तसले छोटे रोलर कापून, बेअरिंग घालून त्यांनी पट्ट्यांच्या बाजूने बसवले, म्हणजे पट्टा घासायच्या ऐवजी गडगडत फिरेल. चार दिवस त्यांना खाण्यापिण्याची शुद्ध नव्हती. इतका आनंदात असलेला माणूस मी लग्नातसुद्धा पाहिला नाही.

लग्नावरून आठवलं. त्याच वेळी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नाताळ झाला की जानेवारीत. वसईच्या चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारायला सुरुवात झाली होती, मांडवाचं सांगून झालं होतं, आणि मुलीचा हात धरून वेदीपर्यंत नेण्याचं काम बापाचं. हे काम अंकल महिनाभर वर्कशॉपच्या मधल्या वाटेवरून करून बघत होते. एका फोरमनला मुलीच्या जागी उभा करून, हात कोपरात घालून, हळूहळू पावलं टाकायचे. "धावू नकोस, गाऊन आहे तुझा," असं त्या दाढीवाल्या पठाणाला दटावायचे.

रजेचा अर्ज मीच टाइप केला होता. त्या काळी आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात असायचे आणि कपाटाची किल्ली अर्बाबच्या दिशदाशाच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, खिशात. अर्बाब वाईट माणूस नव्हता. फक्त त्याचं मन एका वेळी एकाच गोष्टीवर बसायचं आणि सध्या ते पिवळ्या गाडीवर बसलं होतं.

"पहले मशीन, बाद में शादी," तो म्हणाला. "इन्शाल्ला."

हा इन्शाल्ला मस्कतमध्ये राहिलेल्या माणसाला ओळखू येतो. त्यात होकारही असतो आणि तारीख कधीच नसते.

रोलर बसवलेली गाडी वाळवंटात गेली आणि आठवड्याने परत आली. आता प्लास्टिक जळलं नव्हतं. पण पट्ट्याची डावी कड कुरतडल्यासारखी झाली होती. दोरे बाहेर लोंबत होते. उजवी कड जशीच्या तशी. अंकलनी पट्टा सरळ धावतोय का ते तपासलं. ताण बघण्याची त्यांची पद्धत अशी, की गाडी उचलून पट्ट्याच्या मधोमध खजुराचा भरलेला डबा टांगायचा आणि पट्टा किती खाली झुकतो ते बोटांनी मोजायचं. जास्त झुकला तर ढिला, दाते उड्या मारणार. झुकलाच नाही तर फार टाइट, झिजणार. त्यांनी डबा टांगला, बोटं मोजली, मान हलवली. सगळं बरोबर होतं. तरी गाडीबरोबर एक जादा पट्टा आला होता तो चढवला, आणि गाडी परत पाठवली.

पुन्हा तेच. पुन्हा डावी कड. आणि आता पट्टा शेवटचा. दुसरा मागवायचा तर परदेशातून यायला महिने लागणार, आणि लग्न दोन आठवड्यांवर.  अंकलचं फोरमनला घेऊन चालणं बंद झालं. फाटलेल्या कडेला त्यांनी स्वतः रबराचं ठिगळ शेकलं आणि मला म्हणाले, "बाय, तू चल माझ्याबरोबर तंबूवर. जिथे झिजते तिथेच जाऊन बघायला पाहिजे. तुझं अरबी माझ्यापेक्षा बरं आहे." माझं अरबी भाजीवाल्यापुरतं होतं, पण वाळवंट मी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी पहाटे पिकअपमागे गाडी बांधून आम्ही निघालो.

तंबूच्या बाहेर चपलांची रांग होती. ओमानी माणूस बैठकीत पायताण घालून जात नाही, आणि रांगेत शेवटी, सगळ्यांत महागडी, जाड चामड्याची एक जोडी होती. अंकलना ती दिसली आणि ते तिथेच गुडघ्यावर बसले. डावी चप्पल उचलली. टाच पार झिजून कडेला उतार झाला होता. त्यांनी ती मला दाखवली तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"डावीकडे रेलतो! अर्बाब डावीकडे वजन टाकतो, समजलं? कंबर वाकडी आहे त्याची. म्हणून डावी कड खाते!"

"अंकल, हळू बोला."

हळू बोलणं त्यांना जमत नसे. ती चप्पल हातात धरूनच ते आत गेले आणि भर बैठकीत, पाहुण्यांसमोर, अर्बाबला त्याच्या कमरेचं निदान सांगितलं. उजव्या बाजूला जरा जास्त वजन टाकून बसायचं, असंही सांगितलं.  मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या पाहुण्याने हात पुढे केला आणि आपली चप्पल मागितली. ते अर्बाबचे मामा होते, लहानपणी उंटावरून पडलेले, तेव्हापासून लंगडत होते. अर्बाबच्या चपला तर तंबूच्या मागच्या दाराशी होत्या. अर्बाब इतका हसला की कॉफीचा पेला उपडा झाला. मामाही हसले. अंकल मात्र कॉलरपर्यंत लाल झाले. झीज त्यांनी नेहमीसारखी बरोबर वाचली होती, पण माणूसच चुकीचा धरला होता.

मला बायकांच्या तंबूत पाठवलं. तिथे अर्बाबची आई बसली होती, वाळून हातभर झालेली म्हातारी, नाकावर चमकी, अंगात रंगीत झगा आणि पायात नक्षीची सुरवार. तिने मला खजूर दिले, कॉफी दिली, नवऱ्याचं विचारलं, मुलांचं विचारलं. आमच्या मुहंदिसबद्दल विचारलं तेव्हा मी भाजीवाल्याच्या अरबीत सांगितलं, की त्याच्या मुलीचं लग्न आहे, आणि तो इथे आहे. तिने एकदम भुवया वर केल्या. मग मी पिवळ्या गाडीचं नाव काढलं, आणि त्या म्हातारीने डोक्यावरच्या ओढणीत तोंड लपवून शाळकरी पोरीसारखं फिदीफिदी हसायला सुरुवात केली.

का हसतेय कळेना. म्हणून, अंकलची संगत लागलेली असल्यामुळे, मी खाली बघितलं. तिच्या झग्याची पुढची किनार काळ्या ठिपक्यांनी भरली होती. रबराचे बारीक कण. मागची किनार स्वच्छ. चालताना मळलेला झगा सगळीकडून मळतो. हा फक्त समोरून मळला होता.

परत येताना हे मी अंकलना सांगितलं. ते अजून चपलेच्या अपमानात बुडालेले होते. "समोरून फक्त?" त्यांनी विचारलं आणि ब्रेक असा मारला, की मी काचेवर आपटता आपटता राहिले.

"साइडला बसते!" ते ओरडले. "अगो, साइडला बसते ती! माझी मिसेस स्कूटरवर बसते तशी! दोन्ही पाय डावीकडे! माझ्या स्कूटरच्या सीटची डावी स्प्रिंग दोनदा बदललीय, मला कळायला नको होतं?"

आता मलाही दिसलं. संध्याकाळी पाहुणे बैठकीत असले, की अर्बाब आपल्या आईला मागे बसवून टेकड्यांवर फिरवून आणत होता. आणि त्या वयाच्या बाईबद्दल पाहुण्यांमध्ये बोलणं व्हायला नको म्हणून कुणाला सांगत नव्हता. आई एका बाजूला पाय सोडून बसायची, सगळं वजन डावीकडे, आणि पट्टा ती बाजू चावत सुटायचा.

अंकलनी पिकअप तिथल्या तिथे वळवली. सारा रस्ता ते स्टीअरिंगवर बोटं वाजवत होते. तंबूजवळ पोचल्यावर मात्र एकदम सभ्य झाले. अर्बाबला बाजूला घेऊन, टेकडीकडे तोंड करून, अगदी गुप्त खलबत असल्यासारखे बोलले. मी दोन पावलं मागे होते.

"अर्बाब, पीछे कभी सामान रखते हो?"

अर्बाब वाळूकडे बघत राहिला. "कभी कभी. शाम को."

"बहुत नाजूक सामान होगा."

"बहुत."

"सामान का पैर एक ही बाजू में रहता है?"

अर्बाबने मिशीत हसू दाबलं. "हाँ, मुहंदिस. लेफ्ट."

"दोनों बाजू में..."

"अस्तग़फ़िरुल्लाह!" अर्बाबने कानांना हात लावले. "मेरी उम्मी है!"

"तो फिर ऐसा करो," अंकल म्हणाले. "जाते टाइम लेफ्ट. आते टाइम राइट. दोनों बाजू सेम सेम घिसेगा. खलास."

 अर्बाबने अंकलचा खांदा दोन्ही हातांनी धरून हलवला. त्या संध्याकाळी, पाहुणे कॉफी पीत असताना, आम्ही पिकअपच्या आडोशाला उभे होतो. पिवळी गाडी टेकडीच्या पलीकडून आली. मागे म्हातारी, दोन्ही पाय उजवीकडे, झगा हवेत उडालेला, एका हाताने लेकाचा खांदा धरलेला आणि दुसरा हात वाऱ्यात सोडलेला. तिचं हसू आम्हाला इंजिनावरून ऐकू आलं. अंकलनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, वाळू गेली. आडोशाला वारा नव्हता.

गाडी थांबली तेव्हा अंकलनी पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून हात फिरवला. डावीचं ठिगळ धरून होतं. मग त्यांनी रजेचा विषय काढला. अर्बाब म्हणाला, "इन्शाल्ला, मुहंदिस. एक हफ्ता देखेंगे पट्टा चलता है क्या, फिर..."

बायकांच्या तंबूकडे निघालेली म्हातारी थांबली. मागे वळली नाही. पाठमोरीच एक वाक्य बोलली, फार मोठ्याने नाही. मला त्यातला एकच शब्द कळला, मुलगी. अर्बाबचा चेहरा बाराखडी चुकलेल्या मुलासारखा झाला. त्याने दिशदाशाच्या खिशात हात घातला आणि पासपोर्टच्या कपाटाची किल्ली काढून अंकलच्या तळहातावर ठेवली.

रविवारच्या विमानाने अंकल गेले. म्हातारीने मुलीसाठी लोबानची मोठी पिशवी दिली होती. विमानतळावर त्या पिशवीचा वास इतका सुटला, की कस्टमवाल्याने म्हणे डोळे मिटून दोनदा हुंगला आणि जाऊ दिलं. मुलीला त्यांनी वेदीपर्यंत नेलं, अजिबात न धावता. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला स्कूटरवर उलट्या बाजूला बसवलं. "आजवर डावीकडे बसलीस, आता उजवीकडे बस," म्हणाले. ती मासळीबाजारापर्यंत सगळ्या गावासमोर तशी गेली आणि उतरल्यावर चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. हे सगळं त्यांनीच परत आल्यावर सांगितलं, पठाण फोरमनला बायको करून, खुर्चीवर उलटा बसवून, अभिनयासकट.

पुढे नवऱ्याला सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही मस्कत सोडलं. अंकलही काही वर्षांनी कायमचे परत गेले. निरोपाच्या वेळी अर्बाबने त्यांना घड्याळ दिलं. अंकलनी कपाटातला तो वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा मागून घेतला.

आणखी काही वर्षांनी रजेवर आले असताना मी नवऱ्याला घेऊन वसईला त्यांच्याकडे गेले. कलप सुटला होता, मिशी पांढरी झाली होती. दारातच त्यांनी खाली बघितलं. "आता डावी खाल्लीय. पर्स अधूनमधून बदल, बाय. एकाच बाजूला नको." मग नवऱ्याचे बूट बघितले आणि काही बोलले नाहीत. त्याला ते फार लागलं.

काकूंनी चहा आणला. त्या आपल्या खुर्चीत बसल्या. मी शेजारच्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात अंकल ओरडले, "अगो, तिच्यात नको!"

मला वाटलं, अजून जपून ठेवलीय की काय. पण त्यांनी ती खुर्ची ओढून उजेडात आणली आणि बसायच्या जागी मूठ घातली. मूठ आरपार खाली गेली. वेत मधोमध फाटलं होतं, कडेचे धागे सुटून लोंबत होते, हातांवरचं पॉलिश उडून लाकूड पांढरं पडलं होतं.

"किती वेळा सांगितलं, विणून घ्या," काकू म्हणाल्या. "माणूस येतो रोज रस्त्यावर. ऐकत नाहीत. खाली फळी टाकून बसतात."

"विणून घेतली तर काय दिसणार?" अंकल म्हणाले. फाटलेल्या वेतातून बाहेर आलेली बोटं हलवून त्यांनी मला दाखवली. जळलेल्या प्लास्टिकच्या वासाने व्हायचा तसाच त्यांचा चेहरा झाला होता. "बघ, बाय. नीट बघ. दोन्ही बाजूंनी सारखी झिजलीय."